डोंगरची बंदूक आणि तिचा भार

जालना जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर, भोकरदन आणि जाफराबाद या तालुक्यांची काळी जमीन जिथे अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या सोंडांना जाऊन भिडते, तिथला मुलूख हिमालय पाहून आलेला मनुष्य पर्वत म्हणून मान्य करणार नाही. परंतु चैत्र-वैशाखाच्या उन्हात, सुट्या काळ्या धोंड्यांवरून आणि साग-धावड्याच्या विरळ झाडीतून, चार-साडेचार किलोची बंदूक हाती घेऊन ज्याने दोन खोरी ओलांडली असतील, त्याला उंचीच्या आकड्यांचा हा युक्तिवाद फारसा पटायचा नाही. डोंगरात चालणाऱ्या शिकाऱ्याची रायफल किती हलकी असावी, ती कशी निवडावी आणि कशी बांधवून घ्यावी, या प्रश्नावर पाश्चात्त्य देशांत गेली शंभराहून अधिक वर्षे ग्रंथ लिहिले जात आहेत. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने शिकारच बंद केली असल्यामुळे तो प्रश्न व्यवहारातून बहुतांशी निवृत्त झाला आहे. तरीही इतिहास, यंत्रशास्त्र आणि कायदा या तिन्ही अंगांनी तो विचारार्ह आहे, आणि दख्खनच्या या कोपऱ्यातून पाहिला असता त्याची एक बाजू अशी दिसते की जिची दखल परदेशी ग्रंथकारांनी सहसा घेतलेली नाही. ती बाजू म्हणजे, बंदुकीच्या वजनाचा विचार ती कोणाच्या खांद्यावर आहे हे विचारल्यावाचून करताच येत नाही.

एप्रिल १८१९ मध्ये मद्रास फौजेच्या २८व्या रिसाल्यातील जॉन स्मिथ नावाचा अंमलदार वाघाच्या मागावर अजिंठ्याच्या खोऱ्यात शिरला आणि रानाने झाकून टाकलेली लेणी त्याच्या दृष्टीस पडली, ही कथा सर्वश्रुत आहे. दहाव्या लेण्यातील खांबावर त्याने आपले नाव कोरून ठेवले, हेही प्रवासी वाटाड्याकडून ऐकतात. कलेतिहासाने त्या दिवसाची योग्य ती नोंद घेतली, बंदुकीची मात्र कोणी घेतली नाही. टोपीची बंदूक तेव्हा रूढ व्हावयाची होती. चकमकीच्या ठिणगीवर चालणारी, तोंडाकडून ठासावयाची लांब नळीची बंदूक हेच त्या पिढीचे हत्यार होते, आणि सोळा वर्षांपूर्वी, २३ सप्टेंबर १८०३ रोजी, याच भोकरदन तालुक्यातील असईच्या रणांगणावर केळणेच्या काठी कंपनीच्या शिपायांनी वाहिलेली मस्केट साडेचार किलोच्या घरात भरत असे. एवढे वजन शिपायाने वाहावे हे गृहीतच होते. शिकारीला निघालेल्या अंमलदाराने ते वाहावे, हे मात्र पुढची सत्तर-ऐंशी वर्षे कोणी गृहीत धरले नाही.

असईनंतर जालना हे फौजी हालचालींचे महत्त्वाचे ठाणे झाले आणि हैदराबाद कंटिंजंटची छावणी म्हणून एकोणिसाव्या शतकात नांदले. १९०३ साली कंटिंजंट हिंदुस्थानी लष्करात विलीन झाले, तोवर तिथल्या साहेबलोकांच्या रजेचा मोठा भाग रानात जात असे. त्याच कंटिंजंटमध्ये नोकरी केलेल्या आर. जी. बर्टन याने १९२८ साली दख्खनच्या शिकारीवर एक स्वतंत्र ग्रंथच प्रसिद्ध केला. एकोणिसाव्या शतकातील हत्यारांची वजने आज नुसती वाचली तरी खांदा अवघडावा. सॅम्युअल बेकरने १८४० साली ब्रिस्टलच्या गिब्ज या कारागिराकडून करवून घेतलेली रायफल एकवीस पौंडांची, म्हणजे साडेनऊ किलोंची होती. शतकाच्या उत्तरार्धात आलेली .५७७ बोरची दुनळी एक्सप्रेसही तेरा पौंडांच्या आसपास भरे. या वजनामागे अज्ञान किंवा हौस नव्हती. काळ्या दारूत गोळीला वेग देण्याचे सामर्थ्य मर्यादित, म्हणून मोठे जनावर जागीच पाडावयाचे तर गोळी जड करणे हा एकच उपाय. जड गोळीस दारू अधिक, अधिक दारूस धक्का अधिक, आणि तो धक्का मनुष्याच्या खांद्याने सोसावा म्हणून बंदूक जड, अशी ही साखळी होती. कॅप्टन जेम्स फोरसिथ याने सातपुड्याच्या रानांचा अनुभव गाठीशी बांधून १८६३ साली शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्या यांवर जे पुस्तक लिहिले, त्यात या साखळीचा विचार मोठ्या बारकाईने केलेला आहे. पण साखळीचे शेवटचे टोक, म्हणजे ते ओझे दिवसभर उचलणारा मनुष्य, हा त्या काळच्या विवेचनाचा विषयच नसे.

कारण तो मनुष्य वेगळाच होता. साहेबाची बंदूक साहेबाच्या हाती येई ती जनावर दृष्टिपथात आल्यावर. तोवर ती आणि तिच्या जोडीची दुसरी भरलेली बंदूक गावातून आणलेल्या एखाद्या भिल्लाच्या, कोळ्याच्या किंवा घरच्या नोकराच्या खांद्यावर असे. हाकारे रान उठवीत आणि मचाणावर बसलेल्याने चाप ओढावा, अशी ती व्यवस्था होती. तिच्यात दहा पौंड काय आणि तेरा काय. निजामाच्या दरबाराने ही व्यवस्था तिच्या परमावधीस नेली. सहावा निजाम मीर महबूब अली खान हा पट्टीचा नेमबाज म्हणून ख्यात होता आणि राजा दीनदयाळांनी टिपलेली शिकारीच्या मुक्कामांची छायाचित्रे आजही पाहावयास मिळतात. तंबू, हत्ती, माणसांच्या रांगा आणि पुढे मांडून ठेवलेले वाघ यांच्या त्या चित्रांत बंदुकीचे वजन ही गोष्ट कोणाच्या चिंतेचा विषय असेल, असे दिसत नाही. हिमालयातही प्रकार निराळा नव्हता. लडाखात बुऱ्हेलाच्या किंवा काश्मिरात मारखोराच्या मागे रजा काढून गेलेला गोरा अंमलदार स्वतः काठी टेकीत चढे आणि रायफल काश्मिरी शिकाऱ्याकडे असे.

ज्याच्याजवळ दुसरा खांदा नव्हता, त्याने हा प्रश्न केव्हाच आपल्या पद्धतीने सोडविलेला होता. मराठवाड्यातील फासेपारध्यांनी बंदुकीचा मोहच धरला नाही. सुताचे व तातीचे फासे, शिकवलेल्या जनावराच्या आडून हरणाजवळ सरकण्याची कला आणि मागाचे असामान्य ज्ञान, एवढ्या साहित्यावर त्यांचा निर्वाह चाले, आणि ते सगळे साहित्य एका झोळीत मावे. ज्या सरकारच्या अंमलदारांना हे लोक माग काढण्यासाठी हवे असत, त्याच सरकारने या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला, हा विषय स्वतंत्र लेखाचा आहे आणि इथे त्याचा नुसता उल्लेख करून पुढे जाणे मला प्रशस्त वाटत नाही. पण प्रस्तुत विषयाची मर्यादा तेवढीच आहे. गावोगावच्या पाटलाकडे असलेली ठासणीची बंदूक ही मधली अवस्था होती: नळी लांब, पोलाद साधे, दस्ता मात्र इतका बारीक की बाहेरून आलेल्यास ती काठीच वाटावी. पिकाच्या राखणीपुरती ती पुरेशी होती, आणि एकदा बार उडाला की दुसरा भरेपर्यंत जनावर शिवारापार गेलेले असे.

या सगळ्याला कलाटणी दिली ती धूरविरहित दारूने. १८८६ साली फ्रेंचांनी लेबेल रायफलीत ती वापरली आणि दहा वर्षांच्या आत जगातील बहुतेक सैन्यांनी जुन्या बंदुका वखारीत टाकल्या. बारीक नळी, लांबट गोळी, दुप्पट वेग आणि निम्मा धक्का असे हे नवे गणित होते. जनावराच्या शरीरात खोलवर जाण्याचे काम जे पूर्वी गोळीच्या नुसत्या वजनाने होई, ते आता तिचा वेग आणि तिच्या लांबीमागची घनता यांच्या मेळातून होऊ लागले. जर्मन माउझर कारखान्याचे सात मिलिमीटरचे काडतूस आणि ऑस्ट्रियातील श्टायर येथे बनलेली १९०३ ची मान्लिखर-शोनाउअर ही या परिवर्तनाची दोन उत्तम अपत्ये. दुसरीची नळी अवघी ४५० मिलिमीटर, तोंडापर्यंत गेलेला लाकडी दस्ता, काडतुसे फिरत्या चक्रात बसविलेली, बोर साडेसहा मिलिमीटर आणि एकूण वजन तीन किलोंच्या आसपास. आल्प्समध्ये शॅमॉय नावाच्या डोंगरी हरणामागे कड्यांवरून फिरणाऱ्या शिकाऱ्याला ती जणू मापाने शिवून दिली होती, आणि त्या शिकाऱ्याच्या मागे बंदूक वाहणारा नोकर नव्हता, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. आफ्रिकेत डब्ल्यू. डी. एम. बेल याने असल्याच बारीक बोरांनी हत्ती मारले, ते प्राण्याच्या शरीररचनेच्या ज्ञानावर. रायफल तो स्वतःच्या हातीच ठेवी. त्याचे अनुकरण करणाऱ्या सगळ्यांजवळ त्याचे ते ज्ञान नव्हते, आणि बारीक बोरांची अपकीर्ती झाली ती बहुधा त्यामुळेच.

हिंदुस्थानात या संक्रमणाचे सर्वांत बोलके उदाहरण कुमाऊँचे आहे. १९०७ साली चंपावतच्या नरभक्षक वाघिणीचा पाठलाग करताना जिम कॉर्बेटच्या हाती .५०० ची रायफल होती आणि जवळ काडतुसे तीन. ती संपल्यावर तहसीलदाराची खिळखिळी बंदूक घेऊन त्याने शेवटचा बार काढला. त्या कामगिरीबद्दल संयुक्त प्रांताचे नायब राज्यपाल सर जॉन ह्यूएट यांनी त्याला लंडनच्या रिग्बीची .२७५ रायफल भेट दिली. तिचे काडतूस म्हणजे तेच सात मिलिमीटरचे माउझर, इंग्रजी नाव धारण केलेले. कॉर्बेट एकटा चाले, पायी चाले, आणि नरभक्षकाच्या मागावर आपली बंदूक दुसऱ्याकडे सोपविणे त्याला परवडणारे नव्हते. मोठी .४५०/४०० ची दुनळीही त्याच्यापाशी होती आणि प्रसंगी तो ती वापरी. परंतु दऱ्याखोऱ्यांत दिवसचे दिवस हिंडावयाचे तेव्हा या हलक्या रायफलीचे मोल त्याला पुरते ठाऊक होते. मेजर जेराल्ड बरार्ड याने १९२० नंतरच्या काळात शिकारी रायफली आणि हिमालयातील शिकार यांवर जे लेखन केले, तेही याच मध्यम बोरांच्या युगातले. अमेरिकेत १९२५ साली .२७० विंचेस्टर आले, जॅक ओ'कॉनर या लेखकाने डोंगरी मेंढ्यांच्या शिकारीच्या लेखांतून आयुष्यभर त्याची वकिली केली, आणि १९५२ साली विंचेस्टर कंपनीने आपल्या प्रसिद्ध ७० क्रमांकाच्या रायफलीचा 'फेदरवेट' अवतार बाजारात आणला. पुढची उडी १९८० च्या दशकातली: पश्चिम व्हर्जिनियातील मेल्व्हिन फोर्ब्स याने केव्हलार व ग्राफाइट यांच्या तंतूंचा, जेमतेम पौंडभर वजनाचा दस्ता करून सगळी रायफल पाच पौंडांच्या आसपास आणून ठेवली. आज कार्बनच्या तंतूंनी वेढलेल्या नळ्या आणि टायटेनियमची यंत्रणा घेऊन कारखाने याच दिशेने स्पर्धा करीत आहेत.

आता रायफलीच्या देहात हे वजन असते कुठे, ते पाहू. कारण या विषयावरील पुष्कळसा खर्च चुकीच्या जागी होतो, तो हा हिशोब न मांडल्यामुळे. माउझर धर्तीच्या साध्या बोल्ट रायफलीत यंत्रणेचे वजन सव्वा किलोच्या आसपास, नळीचे सुमारे एक किलो, अक्रोडी दस्त्याचे तेवढेच, आणि दुर्बीण तिच्या कड्यांसह अर्धा किलो धरली, पट्टा व काडतुसे मिळविली, की बेरीज चारपर्यंत जाते. हौशी मनुष्य सर्वप्रथम नळी आखूड करावयास निघतो, कारण ते डोळ्यांस दिसते. आता गंमत पाहा: तोंडाशी साधारण चौदा मिलिमीटर जाडीची .३० बोरची नळी दोन इंचांनी कमी केली, तर वाचतात पन्नास ग्रॅमही नव्हेत. दोन काडतुसांचे वजन याहून अधिक असते. उलट गोळीचा वेग दर सेकंदास दहा-पंधरा मीटरने घटतो, तोंडाशी भडका व आवाज वाढतो, आणि पुढचा भार कमी झाल्यामुळे रायफल हातात चंचल होते. झाडीत वावरावयास आखूड नळी सोयीची, हे खरे. तेवढ्या सोयीसाठी ती अवश्य आखूड करावी, पण वजन घटविल्याचे समाधान त्यात मानू नये. नळी सर्व लांबीभर थोडी सडपातळ घेतली तर मात्र दोनशे ग्रॅमपर्यंत बचत होते. फक्त अशी नळी दोन-तीन बारांत तापते आणि चौथी गोळी कुठे जाईल याचा भरवसा राहत नाही. डोंगरी शिकारीत चौथ्या गोळीचा प्रसंग यावाच कशाला, असे कोणी विचारील तर ते विचारणे रास्त आहे.

दस्त्याचे गणित अधिक फलदायी आहे. अक्रोडाचे लाकूड मुळात जड नाही, पाण्यावर सहज तरंगते. वजन येते ते दस्ता भरीव असतो म्हणून. तंतूंचे पातळ कवच आणि आत हलका फेस अशा रचनेचा चांगला दस्ता सहाशे-सातशे ग्रॅमचा, कार्बनचा पाचशेच्या आतला. म्हणजे एका बदलात अर्धा किलो गेला. यंत्रणेबाबत फोर्ब्सचा विचार मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो: मोठ्या यंत्रणेला भोके पाडून व कडा तासून हलके करण्याऐवजी काडतुसाच्या लांबीला बेताचीच यंत्रणा मुळातून घडवावी. जे पोलाद लागतच नाही ते आधी घालून मग कोरून काढण्यात कारागिरी असेल, विचार नाही. आणि दुर्बिणीबद्दल तर काय बोलावे! टायटेनियमच्या बोल्टसाठी मोठी रक्कम मोजून शंभर ग्रॅम वाचविणारा गृहस्थ त्याच रायफलीवर पाऊण किलोची, पंचवीस पट मोठे दाखविणारी दुर्बीण चढवितो, हे दृश्य परदेशी बाजारांत दुर्मीळ नाही. अजिंठ्याच्या खोऱ्यांत, जिथे एका उतारावरून समोरच्या उतारावर पाहिले तरी अंतर बहुधा दोनशे मीटरांच्या आत राहते, चार पटीची तीनशे ग्रॅमची दुर्बीण पुरून उरली असती.

हलकेपणाची किंमत खांदा देतो. गोळी आणि दारूचा वायू यांना मिळालेल्या संवेगाइतकाच संवेग रायफलीस उलट दिशेने मिळतो, तो काही वजनावर अवलंबून नाही. पण त्या संवेगातून निर्माण होणारी धक्क्याची ऊर्जा रायफलीच्या वजनाच्या व्यस्त प्रमाणात असते. .३०-०६ चे ११.७ ग्रॅम गोळीचे नेहमीचे काडतूस चार किलोच्या रायफलीतून उडविले तर धक्का सुमारे २४ ज्यूल होतो. तेच पावणेतीन किलोच्या रायफलीतून उडविले तर ३५ ज्यूल. पहिला धक्का बहुतेकांना सोसतो, दुसऱ्याने बहुतेकांचे डोळे चाप ओढण्यापूर्वीच मिटू लागतात, आणि एकदा ही खोड लागली की ती जायला वर्षे लागतात. याच्या उलट .२७५ चे नऊ ग्रॅम गोळीचे काडतूस तीन किलोच्या रायफलीतही २० ज्यूलवर थांबते. याचा निष्कर्ष सरळ आहे आणि तो कॅटलॉग चाळण्यापूर्वीच ध्यानात घ्यावा: आधी काडतूस सौम्य निवडावे, मग रायफल हलकी करावी. सामर्थ्यवान काडतूस आणि हलकी रायफल या दोहोंची एकदम हाव धरणाऱ्यास शेवटी नेम गमवावा लागतो.

दुसरी किंमत स्थैर्याची. चढण चढून आल्यावर छाती भात्यासारखी हलत असते आणि तीन किलोंच्या आतली रायफल त्या प्रत्येक श्वासाची व नाडीची नोंद माशीच्या टोकावर करते. जड नळी तोच कंप आपल्या जडत्वाने गिळून टाकते. म्हणून वजन काढावयाचे ते मागून आणि मधून, म्हणजे दस्त्यातून, यंत्रणेतून व दुर्बिणीतून. पुढच्या हाताखाली थोडा भार मुद्दाम राहू द्यावा. चापाची ओढही याच विचारात येते. लष्करी धर्तीच्या रायफलीचा चाप ओढावयास दोन-अडीच किलोंचा जोर लागतो. रायफलच जर तेवढ्या वजनाची असेल तर चाप ओढताना तिने जागा सोडली नाही तरच नवल. चाप हलका व स्वच्छ तुटणारा असणे ही जड रायफलीत चैन, हलकीत निकड.

तिसरी गोष्ट लाकडाची आणि हवेची, आणि इथे मराठवाड्याचा ऋतुक्रम परीक्षकाचे काम करतो. मे महिन्याच्या कोरड्या झळांत आक्रसलेला लाकडी दस्ता श्रावणात ओलावा पिऊन फुगतो, पुढच्या टोकाशी नळीला एका बाजूने रेटू लागतो, आणि उन्हाळ्यात कागदावर मध्यभागी बसणारी गोळी पावसाळ्यात वीतभर बाजूस जाते. जाड नळी हा दाब मानीत नाही. बारीक नळी लगेच वाकते. यावर उपाय तीन सांगतात: नळी दस्त्यापासून पूर्ण मोकळी ठेवणे, टोकाशी हेतुपुरस्सर नियत दाब देणे, किंवा फोर्ब्सप्रमाणे न फुगणाऱ्या दस्त्यात नळीची बैठक तिच्या सगळ्या लांबीभर घट्ट बसविणे. तिसरा उपाय लाकडात साधत नाही, पहिला सर्वांत निर्धोक. शिवाय यंत्रणेखाली इपॉक्सीची बैठक आणि स्क्रूंभोवती ॲल्युमिनियमचे खांब घालावे, हे तर आता सर्वमान्यच आहे. या सर्वांकडे दुर्लक्ष करून नुसते धातू तासले की काय होते, याचा धडा ब्रिटिश लष्कराला १९४४ साली काढलेल्या पाच क्रमांकाच्या ली-एनफील्डने दिला. जंगलयुद्धासाठी केलेली ही आखूड रायफल तीन किलो दोनशे ग्रॅमपर्यंत उतरविली होती; सैनिकांना ती वाहावयास प्रिय झाली, पण तिचा धक्का कठोर निघाला आणि एकदा जुळविलेला नेम ती टिकवीत नाही अशा तक्रारी इतक्या झाल्या की थोड्याच वर्षांत तिचे उत्पादन थांबले.

आता हे सगळे ज्ञान घेऊन जालन्यातील एखादा परवानाधारक रायफल बांधवावयास निघाला, तर त्याला कारखान्याआधी कायद्याचे दार लागते. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने बंदूक बनविणे, बदलणे, इतकेच काय पण नळी आखूड करणेही परवान्यावाचून गुन्हा ठरविले आहे. तेव्हा वर ज्या पन्नास ग्रॅमांची चर्चा केली, त्यांच्यासाठी घरी करवत चालविणारा मनुष्य विनाकारण फौजदारीत सापडेल. बोरांचीही निवड मोकळी नाही. .३०३ आणि ७.६२ नाटो ही लष्करी काडतुसे, आणि त्यांच्याबरोबर तिकडे डोंगरी रायफलीसाठी अतिलोकप्रिय असलेले .३०८, आपल्याकडे निषिद्ध वर्गात पडतात; .३०-०६, .२७०, .२७५ ही त्या वर्गाबाहेर आहेत, पण खाजगी आयात १९८० च्या दशकापासून जवळपास बंद असल्याने चांगल्या विलायती रायफली मिळतात त्या वारसाहक्काने किंवा दुसऱ्या परवानाधारकाकडून. २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाला दोनच हत्यारे ठेवता येतात. उरते ती बंगालमधील ईशापूरच्या सरकारी कारखान्याची .३१५: ली-एनफील्डच्या वळणाची यंत्रणा, जुन्या ऑस्ट्रियन आठ मिलिमीटरचे काडतूस, जड व संथ गोळी, कठीण चाप, साडेतीन किलोंच्या आसपास वजन. तिच्या काडतुसांचे मूळ घर आपल्या पुण्याजवळचे, खडकीचा १८६९ साली स्थापन झालेला दारूगोळा कारखाना. जालना शहरात भट्ट्या आणि सळ्यांच्या गिरण्या रात्रंदिवस चालतात म्हणून पोलादाची उणीव नाही, असे कोणाला वाटेल. पण इमारतीच्या सळईचे पोलाद निराळे आणि चार हजार वातावरणांचा दाब क्षणभर सोसणाऱ्या नळीचे क्रोम-मॉलिब्डेनम पोलाद निराळे, आणि त्या नळीत पीळ पाडण्याची विद्या तर आणखीनच निराळी.

शिकारीची मनाई निरपवाद आहे असेही नाही. पिकांची नासधूस करणाऱ्या रानडुकरांबाबत आणि रोह्यांबाबत वनाधिकाऱ्याच्या लेखी आज्ञेने, ठरवून दिलेल्या क्षेत्रात व मुदतीत कारवाई करता येते. मक्याच्या किंवा हरभऱ्याच्या शेतात एका रात्रीत कळपाने काय करून ठेवले हे ज्याने सकाळी पाहिले, त्याला या तरतुदीचे कारण समजावून सांगावे लागत नाही. मात्र अर्ज, पंचनामा, हुकूम आणि परवानाधारक नेमबाज यांची गाठ पडेपर्यंत हंगाम उलटतो, ही रयतेची तक्रारही खोटी नाही. या कामासाठी डोंगरी रायफलीची आवश्यकता आहे काय, असा प्रश्न केला तर माझे उत्तर नकारार्थी आहे. शेताच्या बांधावर उभे राहून, शंभर मीटरांच्या आत, मागे मातीचा उतार आहे याची खात्री करून झाडावयाच्या गोळीला जड रायफल अधिक मानवते, आणि .३१५ च्या संथ गोळीचा सपाट शिवारात पल्ला कमी पडत असेल तर तो दोष न मानता गुण मानावा, कारण पलीकडे दुसऱ्याची वस्ती असते. ज्याला खरोखरच चढावयाचे आहे, मग तो अमेरिकेत स्थायिक होऊन कायदेशीर परवान्यावर कोलोरॅडोच्या पहाडात एल्कमागे जाणारा मराठवाड्याचा मुलगा का असेना, त्याने .२७५, .२७० किंवा तत्सम सौम्य काडतूस, बावीस इंचांची मध्यम नळी, तंतूंचा दस्ता, लहान दुर्बीण आणि भरल्या अवस्थेत तीन किलो ते सव्वातीन किलो एवढ्यावर समाधान मानावे. त्याखाली जे ग्रॅम काढता येतात ते पैशाने काढता येतात, पण त्यांची वसुली नेमातून होते. विकत घेण्यापूर्वी रायफल थंड असताना एक गोळी, दुसऱ्या दिवशी पुन्हा थंड नळीतून एक, अशा रीतीने आठवडाभर एकाच कागदावर गोळ्या टाकून पाहाव्यात. दुकानदार एका दमात तीन बार काढून दाखवितो तो गट भिंतीवर लावायला छान, परंतु डोंगरात उपयोगी पडते ती थंड नळीची पहिली गोळी, आणि आठवड्याच्या त्या गोळ्या तळहाताएवढ्या जागेत पडत नसतील तर ती रायफल कितीही हलकी असली तरी परत करावी.